बिनपाटीची गाडी

कॉम्प्युटरमध्ये व्हायरस साचतात तसे क्लासमध्ये किस्से साचतात, फक्त ते कुणी साफ करत नाही! गेवराईत इंटरनेट नुकतं आलं होतं आणि मी शैलाताईंच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायचो. बाई भलतीच हुशार! खोली मात्र त्यांच्या सासऱ्यांची, म्हणजे आप्पांची. आप्पांची आडत शेजारीच होती आणि ही खोली त्यांना एका खताच्या व्यापाऱ्याला गोदामासाठी द्यायची होती. खोली गेली की क्लास बंद. ताईंना तो एकच घोर होता.

*

तलवाड्याच्या एका पोरानं विचारलं, "मॅडम, पोर्ट म्हंजी बंदर ना? मशीनमधी बंदर कुठून आलं?"

"बंदर सोड. स्टँडवर फलाट असत्यात का न्हाई? मेलची गाडी एका फलाटावर लागती, वेबसाइटची दुसऱ्या."

"अन् मशीनमधी चोरून घुसतो तो ट्रोजन?"

"रिकामा फलाट बघून लागलेली बिनपाटीची गाडी! अन् तिचा डायवर लांब दुसऱ्याच मशीनवर!"

हेच मी आठवडाभर पुस्तकातून शिकवत होतो. कुणाला ओ की ठो कळलं नव्हतं.

*

ट्रोजनवाल्यांच्या आवडत्या, म्हणून बंद ठेवायच्या पोर्टचे नंबर ताईंनी भिंतीवर लिहून लावले: 12345, 27374, 31337. समोरचा पानटपरीवाला रोज येऊन ते वाचून जायला लागला. शेवटी त्यानं हळूच विचारलं, "ताई, ह्यातला ओपनला कोणता लावू अन् क्लोजला कोणता?"

मटका!

"मला तर समदेच क्लोज पायजेत!" ताई म्हणाल्या.

त्यानं तसंच लावलं आणि दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला.

*

चकलांब्याच्या एका विद्यार्थ्याच्या स्क्रीनवर सगळं उलटं दिसायला लागलं. ट्रोजनचाच चावटपणा. ताई धावत गेल्या, तर पठ्ठ्यानं मॉनिटरच उलटा करून ठेवलेला आणि टायपिंग चालू!

"कावून थांबायचं मॅडम? परीक्षा जवळ आलीया."

ताईंनी ट्रोजन काढून टाकला. स्क्रीन सुलट झाली आणि पोराची पुन्हा पंचाईत!

*

आणि एक दिवस तो खताचा व्यापारी आप्पांबरोबर खोली बघायला आला. ताई कोपऱ्यातल्या मशीनवर गुपचूप बसून होत्या. शिकवायला म्हणून त्यांनी मधल्या मशीनवर एक ट्रोजन मुद्दाम ठेवला होता, हे फक्त मला ठाऊक.

व्यापारी नेमका त्या मशीनसमोर उभा राहिला आणि सीडीचा ट्रे आपोआप बाहेर आला!

"आप्पा, हे काय हाय?" तो दचकला.

"कायतरी मागतंय वाटतं," आप्पा म्हणाले.

व्यापाऱ्यानं हात जोडले. खिशातली सुपारी काढून ट्रेवर ठेवली. ट्रे सावकाश आत गेला!

व्यापारी दोन पावलं मागं सरकला. आप्पांनी एकदा मशीनकडे बघितलं, एकदा सुनेकडे बघितलं आणि व्यापाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"शेठ, सुपारी घेतली त्यानं. आता जागा त्याचीच!"