मदिनाचाचीचा दुसरा डोळा

रंकाळ्याचा बांध निम्मा सरला आणि मदिनाचाची मध्येच थांबली. अरुणाच्या कोपराला धरलेली तिची बोटं घट्ट झाली.

"किती वाजलं गं, पोरी?"

"नऊ व्हायला आलेत. चला की, चाची. दहाला नावं घ्यायची बंद करतात."

फुलेवाडीच्या पुढं एका शाळेत मोतीबिंदूचं शिबिर भरलं होतं. मंगळवार पेठेतून निघताना केएमटीची बस डोळ्यांदेखत निघून गेली, आणि रिक्षात बसलं की चाचीच्या पोटात ढवळायचं. म्हणून पायी. अरुणा पेठेतल्या दवाखान्यात नर्स होती. म्हातारीला घेऊन जायचं तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात चाची नवऱ्याबरोबर, लालासाबबरोबर, इंडी गावाकडून कोल्हापुरात आली. लालासाबनं गुळाच्या बाजारात हमाली केली आणि तीन वर्षांत तो वारला. तेव्हापासून ती पेठेतल्या घरांना वाकळा शिवून द्यायची. पासष्टी उलटली तरी टाका मुंगीच्या पावलासारखा. पण दोन वर्षांपूर्वी अशाच शिबिरात डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि आठव्या दिवशी तो डोळा गेला. आता उजव्यावरही पडदा आला होता. शेजारची शालूबाई सकाळी सुया ओवून ठेवायची, बाकीचं सगळं बोटांच्या अंदाजानं. हाही डोळा गेला तर वाकळा गेल्या, आणि या परमुलखात तिला विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

जुन्या कार्डावर डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं, ‘सूचना पाळत नाही.’ आज तेच डॉक्टर होते. कार्ड बघून त्यांनी परत पाठवलं तर?

"चाची, खरं सांगा. तेव्हा घागर उचललीत?"

"न्हाय."

"केर काढलात? दळायला बसलात?"

"किती येळा इचारशील? पोलिसात हाईस व्हय?" चाची कडाडली. "तू कागद वाचलास, मी कानात घातला. घागर न्हाय, जातं न्हाय, केर न्हाय. खाली पडलेला चमचा बी उचलला न्हाय. आठ दिवस नुसती बसून. नमाज तेवढी पढली."

"नमाज कशी?"

"कशी म्हंजे? पाची वखत. रोज पढतात तशी, कपाळ टेकून."

ऑपरेशननंतरच्या सूचनांचा तो कागद अरुणानंच खणखणीत आवाजात वाचून दाखवला होता. ‘खाली वाकू नका’ हे तर दोनदा. तिची आई रोज बस्तीत, जैन मंदिरात, भगवंतापुढं कपाळ टेकायची. दिवसभरात कितीदा वाकलीस असं आईला कुणी विचारलं असतं, तर तिनंही ते वाकण्यात धरलं नसतं.

"चाची, त्यानंच डोळ्यातला टाका तुटला असणार."

चाचीनं कोपर सोडलं. "नमाजनं डोळा गेला म्हनतीस?"

"नमाजनं नाही हो. वाकल्यानं."

"ते वाकणं हाय व्हय? कागदात घागर हाय, जातं हाय. नमाज कुटं हाय? दाखव!"

आणि ती फिरली. बांधाचा कठडा चाचपत घराच्या दिशेनं चालायला लागली. येणारेजाणारे थांबून बघू लागले. हाताला धरून ओढावं तर म्हातारी बसकण मारणार. अरुणानं मनात णमोकार मंत्र म्हटला आणि धावत जाऊन तिच्या वाटेत उभी राहिली.

"माझं ऐकू नका. तुमच्या माणसाला विचारा. पुढं मशीद आहे."

मशिदीच्या पायरीवर बांग देणारे मीरासाब चपलेला खिळा ठोकत बसले होते. चाचीनं पदर ओढून घेतला आणि आजाऱ्याच्या नमाजचं विचारलं.

"इशारे से, अम्मा," त्यांनी मान वरही केली नाही. "बैठ के, नै तो लेट के. बीमार को माफ है."

"ये पहिले बोलने को क्या हुआ था?" चाची त्यांच्यावरच खेकसली.

"पहिले किसीने पूछा नै."

साडेनऊ होऊन गेले होते. पुढची वाट दोघींनी झपाझप कापली. शाळेत पोचल्या तेव्हा दहाला पाच कमी होते. कार्ड बघून डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ही बाई ऐकत नाही, सिस्टर. हाही डोळा घालवेल."

"ऐकलं होतं, साहेब. सांगायचं राहिलं, ते माझ्याकडून," अरुणा म्हणाली आणि काय झालं ते तिनं सांगितलं.

डॉक्टरांनी कार्ड बाजूला सारलं. मग यादीत चाचीचं नाव लिहिलं. "पट्टी सुटेपर्यंत जबाबदारी तुमची."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. वर्गात ओळीनं खाटा टाकल्या होत्या. चाचीच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. दुपारी लांबून बांग ऐकू आली. चाचीची मान ताठ झाली आणि डोकं उशीवरून दोन बोटं उचललं गेलं. अरुणानं झडप घालून ते धरलं.

"चाची! इशाऱ्यानं!"

"मला ठावं हाय गं. डोक्याला ठावं न्हाय." चाचीला धाप लागली होती. "ल्हानपनापासनं खाली जातंय ते. बांग झाली की आपलं आपण."

तिनं चाचपडत अरुणाचं मनगट पकडलं, ओढलं आणि तिचा तळवा आपल्या कपाळावर ठेवला.

"पट्टी सुटेपातूर पाची वखताला माझ्यापाशी येऊन बस. असंच दाबून धर. नमाज हुईपर्यंत सोडू नगंस, पोरी."