मुन्शींचा तिसरा कप्पा

गुंडेराव मुन्शी बोली लावत नसत, तपकीर ओढत. बीडच्या कचेरीपुढे लिंबाच्या झाडाखाली सरकारी लिलाव भरे, त्याला आमच्याकडे हर्रास म्हणत. जप्तीचा माल, बेवारशी माल, कुणाच्या शेतात नांगराला लागलेली लोटी आणि तिच्यातली काळी पडलेली नाणी, असे काय काय त्या झाडाखाली येई. चपराशी वस्तू वर धरून पुकारा करी आणि सराफ ओरडून ओरडून भाव वाढवीत. मुन्शी मात्र मालाकडे पाठ करून उभे राहत आणि वस्तू हवीशी असली की डबी उघडून एक चिमूट ओढत. एक चिमूट म्हणजे एक वाढ. चपराशाला ते ठाऊक, सराफांनाही ठाऊक. एखाद्या दिवशी मुन्शींना खरोखरच पडसे झालेले असले की सराफ हात जोडत, "मुन्शीजी, आज घरी बसा. तुमी शिंकता अन् आमचं दिवाळं निघतंय."

जातीने ब्राह्मण, डोक्यावर रुमी टोपी आणि शाळेत शिकवायला फारशी. वर्गात पुस्तकाच्या आधी ते मुलाच्या तळहातावर एक जुने नाणे ठेवीत. "वाच. बादशहा काय म्हणतोय?" मुलगा अडखळला की म्हणत, "अरे, तो मेला, त्याचा दरबार उठला, तरी बोलतोय. तू जिवंत असून खामोश?"

त्याच शाळेत मी हिशेब शिकवायला लागलो. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. गावात तर माझ्याआधी कुणी मॅट्रिकही झाले नव्हते. ही गोष्ट मी समोरच्याने विचारण्याची वाट न बघता सांगत असे आणि आजही सांगतो. तिची मला लाज नाही. जिची आहे ती पुढे येईलच.

पहिल्याच दिवशी मुन्शींनी गाव विचारले. गेवराईकडचा, गोदाकाठचा, असे म्हणून मी गावाचे नाव सांगितले.

"तिथल्या पाटलांपैकी? ते दोघे भाऊ?"

"होय. मी धाकट्यांचा."

मुन्शींनी उघडलेली डबी तशीच मिटली. "बरं, बी.ए.साहेब, सवड झाली की घरी या. चार जुन्या चिजा दाखवतो." त्या दिवसापासून मी त्यांचा बी.ए.साहेब झालो तो कायमचा. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला कधीच नक्की कळले नाही.

त्यांच्या बैठकीत शिसवीची एक पेटी होती. तिला तीन कप्पे. वरच्यात नाणी: गोदाकाठी पावसानंतर उघडी पडणारी हत्तीच्या छापाची शिशाची नाणी, डाळीएवढे होन, धारूरच्या टांकसाळीतला म्हणून ते मिरवीत तो रुपया. मधल्या कप्प्यात दागिने आणि बारीकसारीक वस्तू: नथी, जोडवी, गळ्यातल्या माळेतून सुटलेल्या पुतळ्या, अत्तराच्या कुप्या. एकेक वस्तू कापसावरून उचलून ते माझ्या हातात देत. "हलके धरा. दोनशे वर्षं कुणी टाकलं नाही हिला, तुमच्या हातून पडायला नको." वस्तू बघताना त्यांचा चेहरा पोरासारखा होई. पण तीच वस्तू कुणी विकत मागितली की तो चेहरा असा बंद होई, की माणूस पुन्हा मागत नसे.

शेवटी त्यांनी तिसरा कप्पा उघडला. त्यात टाक होते. देव्हाऱ्यात पुजायचे, बोटभर उंचीचे, चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले देव. सगळे खंडोबा एका रांगेत, सगळ्या भवान्या दुसऱ्या रांगेत, घोड्यावरचे वीर तिसऱ्या. सगळे नव्या रुपयासारखे चकचकीत.

"देव म्हणून नाही घेतले मी," मुन्शी म्हणाले. "कारागिरी बघा. या घोड्याची मान बघा. सराफाच्या हाती गेले असते तर आतापर्यंत मुशीत वितळून कुणाच्या पायातले वाळे झाले असते."

खंडोबांच्या रांगेत एकाचा खालचा कोपरा दुमडलेला होता. आमच्या देव्हाऱ्यातल्या खंडोबाचा कोपरा असाच होता. मी त्याला तिथल्या तिथे ओळखले आणि एक शब्दही बोललो नाही. आमचे देव हर्रासात गेले, हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

झाले होते असे. मी पुण्याला शिकत असताना माझे वडील, म्हणजे दादा, आणि थोरले चुलते तात्या यांच्या वाटणीचा दावा मुन्सफाच्या अदालतीत गेला. शेत वाटले गेले, बैल वाटले गेले, विहिरीच्या पाण्याचे दिवस वाटले गेले. अडले ते देवांशी. आमच्याकडची रीत अशी, की मूळ टाक थोरल्याकडे राहतात आणि धाकटा नवे घडवून घेतो. दादा म्हणाले, चांगली जमीन थोरल्याला गेली, आता देव माझ्याकडे राहतील. तात्या म्हणाले, देवाला हात लावून तर बघ. नवे घडवायला दोघेही तयार नव्हते. मुन्सफ परका माणूस, कंटाळला. ज्याची वाटणी होत नाही ते हर्रास करा आणि पैसे निम्मे निम्मे द्या, असा हुकूम त्याने दिला.

हर्रासाच्या दिवशी दोघे भाऊ लिंबाखाली हजर होते. चपराशाने पुकारा केला. दादांना वाटले, थोरला बोली लावील. तात्यांना वाटले, धाकटा लावील. आपल्याच देवांना पैसे देऊन सोडवायचे, म्हणजे ते आपले नव्हते असे कबूल करायचे! दोघेही हाताची घडी घालून उभे राहिले. गावचे चार लोक होते, पण दुसऱ्याच्या घरच्या देवावर बोली लावायला कुणी धजले नाही. सराफाने चांदीचा भाव पुकारला. मुन्शींनी एक चिमूट ओढली. संपले.

त्यानंतर माझी माय देव्हाऱ्यात सुपाऱ्या मांडून त्यांची पूजा करी. भिंतीपलीकडे मोठीमाय, म्हणजे तात्यांची बायको, तिच्या सुपाऱ्यांची करी. एका घराचे दोन देव्हारे झाले आणि दोन्ही रिकामे.

माझे लग्न ठरत आले तेव्हा ही गोष्ट उघड्यावर आली. मुलीचे वडील घर बघायला आले. हळद लागायच्या आधी टाक बाहेर काढून त्यांना भंडारा वाहायचा असतो. त्यांनी सहज विचारले, "देव कुठं हायत?" दादा उठून बैलांना पाणी दाखवायला गेले. बैल नुकतेच पाणी पिऊन आले होते. पाहुणे समजायचे ते समजले आणि बघून कळवतो म्हणून गेले. तात्यांच्या मुलाचीही सोयरीक त्याच कारणाने अडली होती. देव विकणाऱ्या घरात मुलगी कोण देणार?

माय मला म्हणाली, "तू येवढा शिकलास, तुला ठावं हाय ते कुठं हायत. मंग आणत कावून न्हाईस?"

मी मुन्शींकडे गेलो आणि मान खाली घालून सांगितले. त्यांना सगळे आधीपासून ठाऊकच होते.

"देतो," ते म्हणाले. "पैसाही नको. पण हर्रासाला दोघे भाऊ उभे होते ना? मग न्यायलाही दोघांनी यावं. एकाला दिले तर उद्या दुसरा माझ्यावर दावा लावील." मग डबी चाचपत म्हणाले, "आणि तुम्ही त्या दिवशीच का नाही बोललात? मी कप्पा मुद्दाम उघडला होता."

दोघे भाऊ आले, पण एका गाडीतून नव्हे. दादा गाडीने, तात्या घोडीवरून. मुन्शींच्या ओट्याच्या दोन टोकांना ते बसले, मध्ये त्यांचे जोडे. माय आणि मोठीमायही आल्या होत्या. मुन्शींनी तिसरा कप्पा अख्खा बाहेर आणून सतरंजीवर ठेवला. त्या दिवशी ते खुशीत होते, एवढे मोठे काम आपल्या हातून होते आहे म्हणून.

"उचला पाटील. आपापले ओळखा."

दादा वाकले, तात्या वाकले. दोघांनी बराच वेळ बघितले. दादांचा हात एका खंडोबाकडे गेला आणि परत आला. तात्यांनी घसा खाकरला. ज्या देवांसाठी अदालतीची पायरी झिजवली त्यांच्याकडे या दोघांनी कधी नीट बघितलेच नव्हते. लांबून हात जोडायचे आणि शेताला जायचे, एवढीच त्यांची ओळख.

मग मी पुढे झालो. "हा आपला. कोपरा दुमडलेला हाय, बघा."

मुन्शींनी बोटाने रांगेतला आणखी एक टाक उलटा केला. त्याचाही कोपरा दुमडलेला. आणखी एक. त्याचाही. पत्राच तो, हातून पडला की कोपऱ्यावर पडतो. माझे बी.ए.पण तिथे सतरंजीवर पडले.

"बायकांना बघू द्या," मुन्शी म्हणाले. "रोज आंघोळ त्या घालतात."

माय पुढे आली, मागून मोठीमाय. दोघींनी एकमेकींशी बोलणे टाकून बराच काळ झाला होता. माय एकेक टाक उचलून जवळ धरी आणि खाली ठेवी. शेवटी ती मोठीमायकडे वळली. "बाई, तुमाला दिसतोय का?"

"न्हाई गं. आपला तर पिवळा होता."

"तेच म्हनते मी." मायने मुन्शींकडे बघितले. "आमच्या घरात टाकाला चिंच लावत न्हाईत. माझ्या आजेसासूनं लावली न्हाई, सासूनं न्हाई. नुसतं पानी घालायचं अन् भंडारा लावायचा. त्यो बसून बसून आमचा देव पार पिवळा झालता. नाक न्हाई, डोळा न्हाई. आमी त्याला पिवळेपनानं वळखत होतो. हे कोनं घासले?"

मुन्शी आधी हसले, कारण प्रश्न त्यांना कळला नव्हता. "मीच. रिठा, लिंबू आणि मऊ कुंचला. मेहनत लागली फार. नक्षी सगळी बुजून गेली होती..."

"पन आमच्याच गठुड्यातले कंचे, ते तर ठावं आसंल?" मोठीमायने विचारले.

त्यांना ठाऊक नव्हते. आपल्याकडची प्रत्येक चीज कुठल्या काळातली, कुठल्या टांकसाळीतली, हे सांगणारा माणूस. त्यांनी टाक लावले होते ते देवांप्रमाणे, घडणीप्रमाणे. कोणते कुणाच्या घरातून आले, हे त्यांनी ध्यानात ठेवलेच नव्हते. कारागिरीच्या दृष्टीने त्याचे काही कारण नव्हते. त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. त्यांचे टक्कल मी तेव्हा पहिल्यांदा बघितले.

"कुठलेही घेऊन जा, ताई," ते म्हणाले. "सगळे देवच आहेत."

"दुसऱ्याच्या घरचा देव कसा न्यावा?" माय म्हणाली. मग तिने ओच्यातली भंडाऱ्याची पुडी सोडली. "बाई, धरा हे." मोठीमायने ओंजळ पुढे केली. माय तिच्यातला भंडारा बोटाने उचलून कप्प्यातल्या एकेका टाकाला लावत गेली, एकही न वगळता. "आपला आसंल त्याला पोचंल."

दादा आणि तात्या ओट्यावरून खाली उतरून उन्हात उभे होते. दोघेही जमिनीकडे बघत होते.

माझे लग्न झाले. मुलीच्या वडिलांना मी स्वतः जाऊन खरे ते सांगितले. ते ऐकून घेताना त्यांनी माझ्याकडे बघितले नाही, हे त्यांचे उपकार. हळदीच्या आधी देवाच्या पाया पडायला आम्ही बीडला गेलो, माझ्याच शाळेतल्या मास्तरांच्या घरी, एका लाकडी कप्प्यापुढे. मुले दारातून बघत होती. तात्यांच्या मुलाचेही तसेच झाले.

मुन्शी हर्रासाला जातच राहिले. आवड काही सुटली नाही. नाण्यांना पूर्वीसारखीच पाठ आणि तपकीर. पण टाक पुकारले गेले की ते तोंड फिरवून मालाकडे बघत आणि मोठ्याने विचारीत, "कुणाच्या घरचे आहेत? घरचं कुणी आलंय का?" सराफ चेष्टा करीत, "मुन्शीजी, बोली लावा, चौकशी काय करता?" ते ऐकत नसत. कुणी पुढे आले नाही तर टाक घेत, आणि घेतले की ते आले तसेच, काळे, तेलकट, वेगळ्या फडक्यात बांधून ठेवीत.

माझी बदली धारूरला झाली तेव्हा ते गाडीपर्यंत आले. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून म्हणाले, "बी.ए.साहेब, मी चुकलो हे मला फारशीत फार सुंदर सांगता येतं. मराठीत जीभ वळत नाही. तुमच्या आईला तुम्हीच सांगा." मी मायला सांगितले. ती म्हणाली, "त्यांना म्हनावं, चुकले ते एकटे न्हाईत."

पुढच्या उन्हाळ्यात तापाने मुन्शी गेले. त्यांच्या मुलाने नाणी आणि दागिने हैदराबादच्या कुणा शौकिनाला दिले, पण फडक्यातले टाक आणि तिसरा कप्पा न्यायला त्याने आम्हाला निरोप धाडला. कप्पा शिसवीचा, जड. एकट्याने उचलेना. माय म्हणाली, "दोगं धरा." भर बाजारातून दादांनी एक टोक धरले, तात्यांनी दुसरे. लोक दुकानांतून उठून बघत होते. गाडीपर्यंत दोघांनी मान वर केली नाही, की एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

फडक्यातल्यांपैकी काहींची घरे सापडली. कप्प्यातल्यांची नाही. ते सगळे आता आमच्याकडे आहेत, सहा महिने भिंतीच्या या बाजूला आणि सहा महिने त्या बाजूला. त्यांतला आपला कोणता, हे अजून कुणाला माहीत नाही. सगळ्यांना रोज पाणी, रोज भंडारा. आता ते पुन्हा थोडे थोडे पिवळे दिसू लागले आहेत. नवा पाहुणा आला की देव्हाऱ्यापुढे थबकतो आणि भक्तिभावाने म्हणतो, "लई देव हायत हो तुमच्या घरात!"

मी पाहुण्याला पाट देतो आणि पाऊसपाण्याचे विचारतो.