डाव्या हाताची मूठ

"बा देवा म्हाराजा, आज ह्या बायच्या मशिनीवर काम लावलाय. बिट तुटू नये, लाईट जाऊ नये, आणि बायचा राग जरा आवरता घे!"

एवढं बोलून मिस्त्री हात जोडलेलेच ठेवून माझ्याकडे बघत थांबायचे. मी "व्हय म्हाराजा" म्हटल्याशिवाय त्यांचं गाऱ्हाणं पुरं होत नसे आणि मशीन सुरू होत नसे.

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझा लाकूडकामाचा छोटा कारखाना आहे. सीएनसी मशीनला संगणकावरून आकार दिला की त्याचं फिरतं पातं, म्हणजे बिट, फळी हुबेहूब कोरतं. देव्हारे, जाळ्या, दारावरच्या पाट्या, जे येईल ते आम्ही करतो. कोरलेलं जोडणं, घासणं, पॉलिश करणं मिस्त्रींकडे असे. गाऱ्हाणं गावदेवाला घालतात, मशीनपुढे नव्हे, असं मी सुरुवातीला फणकाऱ्याने सांगून पाहिलं. "देव हयपण ऐकतो," म्हणाले आणि मोकळे झाले. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. त्याच्याशी वाद घालून दमतो आपणच.

मग त्यांच्या बायकोला लकवा झाला आणि उजवी बाजू गेली. कारखान्यामागच्या वाडीतच त्यांचं घर. परसात मिरची, भेंडी, अबोली, गवती चहा, सगळं वहिनींनी लावलेलं. एका सकाळी मिस्त्री फणसाच्या जुन्या फळ्या खांद्यावर घेऊन आले.

"तिला परसात जायचा हाय, बाय. आणि खुरपा कोणी हातात आणून दिलेला चालत नाय. म्हटलं, खोका करूया. वर मूठ, डाव्या हाताची. खुरपा, कात्री, सुतळी, सगळा त्यात." मग फळ्या खाली ठेवत हळूच म्हणाले, "तिचा परसात जायचा सुटला ना, तर ती बिछान्यातनं परत उठायची नाय."

गणपतीच्या दिवसांत ते मूर्तिशाळेत कामाला जायचे, त्यामुळे घरात शाडू असे. काठीच्या तुकड्यावर ओली शाडू थापून त्यांनी ती वहिनींच्या डाव्या हातात दिली होती. "आवळ म्हटला, तर माझाच गळा आवळतेय अशी आवळलीन!" पंच्यातून काढून त्यांनी तो ठसा मला दाखवला. चार बोटांच्या चार खाचा चांगल्या खोल उमटल्या होत्या. "शाडू सुकली की आकसते. तेवढा माप वाढव."

मी तसं माप घेतलं. मशीनने मुठीचे दोन अर्धे भाग कोरले, मिस्त्रींनी ते चिकटवून मऊसूत घासले. पेटीच्या बाजू हलक्या राहाव्यात म्हणून पातळ ठेवल्या. त्या दिवशीचं गाऱ्हाणं इतकं लांबलं की मला तीनदा "व्हय म्हाराजा" म्हणावं लागलं.

पुढे एकदा मी बघायला गेले. वहिनी पाय ओढत, डाव्या हातात पेटी घेऊन मिरचीच्या वाफ्यापाशी आल्या आणि पाटावर बसल्या. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "मूठ बरी केल्यानी हां. त्यांना सांगू नको, उगाच फुगतील." मिस्त्री कुडाच्या आड उभे राहून सगळं ऐकत होते.

पावसाळा सरता सरता मिस्त्रींनी दुसरा ठसा आणला. "मूठ जरा बारीक करूया," एवढंच म्हणाले. बोटांच्या खाचा एकमेकींच्या जवळ आल्या होत्या.

"ही फार सुकली का? माप वाढवू?" मी विचारलं.

ते घासकागद हातात घेऊन बाकाकडे वळले. "नको बाय. माती वलीच हाय."

मी ठसा मोजायला घेतला. वहिनींचं जेवण तुटलं होतं, हे मला नंतर कळलं. नवी मूठ कोरली, जुनी काढून ती बसवली. थंडीत तिसरा ठसा आला. त्याच्यावर बोटं नुसती टेकल्यासारखी दिसत होती. मिस्त्रींनी हात जोडले, "बा देवा म्हाराजा" म्हणाले आणि पुढे काही बोललेच नाहीत. मीच "व्हय म्हाराजा" म्हणून मशीन सुरू केलं. एरवी माझी जीभ कशी चालते ते सगळ्या वसाहतीला ठाऊक आहे. त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवेना.

ती मूठ लावलेली पेटी वहिनींनी थोडेच दिवस वापरली. पण शेवटपर्यंत त्या परसात स्वतः जात होत्या, हे मात्र खरं.

त्या गेल्यावर मिस्त्री कामावर आले नाहीत. त्यांचा रंधा बाकावर तसाच होता. त्याच्या झिजलेल्या मुठीवरून मी त्यांच्या हाताचं माप घेतलं, एक मोठी मूठ कोरली आणि त्यांच्या घरी गेले.

मिस्त्री परसात तण काढत होते. पेटी बाजूला होती. त्यांची जाड बोटं त्या बारीक मुठीत बसतच नव्हती, म्हणून त्यांनी पेटी दोन बोटांच्या टोकांवर अडकवून उचलली. वजनाने बोटं लाल झाली होती.

"मिस्त्री, ही बसवूया. तुमच्या हाताची आहे."

त्यांनी नवी मूठ हातात घेतली, अंगठा फिरवून पाहिली. "बरी केलीस," म्हणाले आणि मला परत दिली.

"अहो, पेटी उचलवत नाही तुम्हाला."

"ही काढली, तर तिचा हात मी कुठं धरू, बाय?"

मला रडू आवरेना. पेटी पुन्हा त्या दोन बोटांवर घेऊन ते अबोलीकडे गेले आणि खुरपं काढून वाकले.