दाजींचा बोल्ट

आपल्याच गावात ड्युटी लागावी म्हणून फौजेतली माणसं देवाला नवस बोलतात. मी सांगतो, बोलू नका. मला लागली होती. पोस्टिंग नव्हे, डिटॅचमेंट. म्हणजे युनिटमधली थोडी माणसं आणि दोन हेलिकॉप्टर काही दिवसांसाठी दुसरीकडं पाठवायची. ठिकाण कोल्हापूर. काम पुराचं. दोन हजार साल उलटून गेलेलं. मी सार्जंट, ट्रेड इंजिन फिटर, जन्म शिवाजी पेठेतला.

उजळाईवाडीच्या धावपट्टीवर उतरलो तेव्हा माझ्या जोडीदारांना वाटलं, याची मजा आहे, घरचं जेवण मिळणार. कसलं घर! पेठेत जायला सवड नव्हती. पहाटे इन्स्पेक्शन, मग उड्डाणं, प्रत्येक उड्डाणानंतर पुन्हा इन्स्पेक्शन. तेल बघा, नळ्या बघा, नट-बोल्ट बघा, हात फिरवून बघा, बॅटरी लावून बघा. सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं, हेलिकॉप्टर पायलट उडवतो. उडवतोच. पण ते उडायचं की नाही, हे जमिनीवर ठरतं आणि ठरवणाऱ्याला सही करावी लागते. आमच्या युनिटची एक रीत होती. इंजिनचं मोठं काम झालं की पहिल्या उड्डाणात सही करणारा फिटर स्वतः आत बसायचा. तुमच्या कामावर तुमचा विश्वास असेल तर चला, बसा.

या रीतीपायी माझा एक माणूस गेलेला आहे. त्याचं आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

कॉर्पोरल बसवराज. आम्ही बसू म्हणायचो. निपाणीच्या अलीकडचं खेडं, घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी. मला 'अण्णा' म्हणायचा. रजेला आम्ही एकत्र यायचो, मी कोल्हापूरला उतरायचो, तो पुढं. इंजिनात त्याचा हात असा चालायचा, की आमच्यातले सीनियर उभं राहून बघायचे. माझ्यापेक्षा तो चांगला फिटर होता. हे मी तेव्हाही म्हणत होतो, आताही म्हणतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही ईशान्येला होतो. डोंगरावरच्या एका चौकीतला जवान अत्यवस्थ होता आणि हेलिकॉप्टर उभं होतं, कारण इंधनाच्या नळीला लागणारी रबरी रिंग स्टोअरमध्ये संपलेली. बसूनं खालच्या बाजारातून रिंग आणली. माप तंतोतंत. 'तात्पुरती' म्हणून बसवली, सही केली, रीतीप्रमाणं आत बसला. ते रबर त्या इंधनाचं नव्हतंच. इंधनात ते फुगलं, मऊ पडलं आणि दरीवर असताना इंजिन बंद पडलं. फ्लाइट लेफ्टनंट सूद, फ्लाइंग ऑफिसर थॉमस आणि बसू. तिघंही परत आले नाहीत. चौकीतल्या जवानाला दुसऱ्या दिवशी खांद्यावरून खाली आणलं. तो वाचला.

मी त्या दिवशी रजेवर होतो, पेठेत फुटबॉलची मॅच बघत. परतलो तर मेसमध्ये एकजण म्हणाला, "निष्काळजी था।" मी त्याची कॉलर धरली. निष्काळजी? अरे, जीव वाचवायला गेला होता तो! निष्काळजी माणूस मेसमध्ये झोपून राहिला असता. बसूची ट्रंक मीच त्याच्या गावी पोचवली. त्याच्या अव्वानं, म्हणजे आईनं, एकच विचारलं, "त्याला सगळं येत होतं ना रे?" मी म्हणालो, "व्हय अव्वा, सगळं." खोटं नव्हतं ते. सगळं येत होतं, म्हणूनच त्याला वाटलं की चालेल.

आता पुन्हा कोल्हापूर.

आमच्या दोन हेलिकॉप्टरना आम्ही अल्फा आणि ब्राव्हो म्हणायचो. अल्फा शिरोळकडच्या गावांसाठी, ब्राव्हो पंचगंगेच्या वरच्या अंगाच्या गावांसाठी. त्यातल्या एका गावात माझी धाकटी बहीण दिलेली, माझ्या सख्ख्या आत्तीच्या घरात. म्हणजे बहिणीची सासू हीच माझी आत्ती. लहानपणी तापात मला मांडीवर घेऊन बसलेली बाई. तिला दमा होता. बहीण, तिची पोरं आणि आत्ती, सगळी शाळेच्या स्लॅबवर होती. नदीला इतकी ओढ होती की बोटी तिकडं जात नव्हत्या. त्या गावाची सगळी भिस्त ब्राव्होवर.

त्या सकाळी ब्राव्हो पहिल्या फेरीहून आलं आणि इंजिनखाली मला तेलाचा ओघळ दिसला. तेलाच्या नळीचा जोड. तिथं एक पोकळ बोल्ट असतो, बोटाच्या दोन पेरांएवढा, त्याच्या पोटातून तेल जातं. वॉशर बदलला, तरी ओघळ. बोल्ट काढला, चिरेत शिरणारा रंगाचा डाय टाकून बघितला. केसाएवढी चीर.

आमच्या पेटीत तो बोल्ट नव्हता. अल्फाचा काढावा, तर ते जमिनीवर अडकेल. रेडिओवर कळवलं.

"ब्राव्हो ऑन ग्राउंड. ऑइल लाइन बोल्ट क्रॅक. स्पेअर चाहिए।"

"बेस कॉपीज. आज वेदर बंद है। कल सुबह।"

हायवे पाण्याखाली. म्हणजे गाडीनंही येणं नाही.

दाजी तेव्हा धावपट्टीवरच होते. दाजी म्हणजे बहिणीचा नवरा, आत्तीचा मुलगा. त्यांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. पुराच्या दिवशी ते शहरात अडकले, घरची सगळी तिकडं. आमच्या उद्यमनगरची एक मिजास आहे, आणि खरी आहे: नमुना टाका, पार्ट घेऊन जा. जर्मन मशीन असो नाहीतर जपानी, आमचा टर्नर म्हणत नाही, होणार नाही.

"सुभा, नमुना दे," दाजी मला म्हणाले. "दुपारपातूर करून आणतो."

"न्हाय दाजी."

"आरं, बोल्टच हाय की!"

"बोल्टच हाय. तरी न्हाय."

चिरलेला बोल्ट ट्रेमध्ये होता. त्यांनी खिशातला व्हर्नियर काढला आणि माझ्यासमोर मापं घेतली. मी अडवलं नाही. माप घेतल्यानं हेलिकॉप्टर उडत नाही.

दुपारी ते बोल्ट घेऊन आलेच. उद्यमनगरात लाईट नव्हती, जनरेटरवर लेथ चालवलेली. बोल्ट हुपरीच्या चांदीच्या पैंजणागत चकाकत होता. मी हातात घेतला. आटे सुरेख, भोक बरोबर मधोमध. खोटं कशाला बोलू, कंपनीच्या बोल्टपेक्षा देखणा होता.

एव्हाना फाटकाबाहेर गर्दी जमली होती. हेलिकॉप्टर उभं आहे आणि माणसं स्लॅबवर आहेत, हे कुणाला पटणार? मलाही पटत नव्हतं. कुणीतरी ओरडलं, "पगार कशाचा घेताय रं?" प्रशासनाचे एक साहेब चिखलाच्या बुटांसकट थेट आत आले. म्हणाले, "पार्ट मिळाला ना? मग बसवा!"

आमचे स्क्वाड्रन लीडर साहेब बोल्टकडं बघत होते. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"सार्जंट, फिट होगा?"

"होगा, सर."

"चलेगा?"

"मालूम नहीं, सर. धातू कौन सा है, हीट ट्रीटमेंट क्या हुई, किसी को मालूम नहीं। मैं साइन नहीं करूँगा।"

"तुम्हारी फॅमिली है ना वहाँ?"

"जी सर."

 ते प्रशासनाच्या साहेबांकडं वळून म्हणाले, "एअरक्राफ्ट ऑन ग्राउंड. सार्जंट ने बोल दिया." एवढंच. त्या माणसाला मी आजही मनातून सॅल्यूट करतो.

दाजींनी मात्र माझा हातच धरला. एवढा मोठा माणूस, आवाज चिरकत होता. "आई हाय रं माझी तिथं. तुझी भण हाय. माझ्या हातावर तुझा भरोसा न्हाय?"

"तुमच्या हातावर हाय दाजी. तुमच्या लोखंडावर न्हाय. तुम्ही ते कुठनं आणलं?"

"भंगारातलं हाय, पण चांगलं हाय."

"कशावरनं?"

"आरं, छिन्नी लागंना त्याला!"

"उड्डाणात छिन्नी न्हाय लागत. तेल तापतंय, दाब येतोय, सगळं थरथरतंय. वर तुटला तर पायलट गेले, आणि तुमच्या घरची उचलून आत बसवलेली पोरंबी गेली. नळीतनं तेल गेलं की इंजिन धरतंय, जाम हुतंय."

"न्हाय तुटायचा!"

"न्हायबी तुटणार. ठाव हाय का तुम्हाला? मला ठाव न्हाय. आणि मला ठाव नसलेलं इंजिन मी वर सोडत न्हाय. जगबुडी झाली तरी न्हाय."

त्यांनी बोल्ट माझ्या हातातून हिसकावला आणि पाठ फिरवून गेले. फाटकाबाहेरून लोकांनी मला शिव्या घातल्या. मी ब्राव्होपाशी उभा राहिलो, पाय हलवले नाहीत. कुणी रात्री उत्साहात दुसरा शहाणपणा करू नये म्हणून इंजिनचं झाकण बंद करून सील लावलं. अल्फानं शक्य तेवढ्या फेऱ्या मारल्या. संध्याकाळी ढग इतके खाली आले की तेही बसलं. मी जेवलो नाही. माझ्या डोळ्यांपुढं शाळेचा स्लॅब होता. हे कुणाला सांगायचं नव्हतं, आता सांगतो.

सकाळी बेसवरून बोल्ट आला. सीलबंद पाकीट, त्यावर नंबर, बॅच, तपासणाऱ्याचा शिक्का. दिसायला मळकट, तपकिरी. बसवला, टॉर्क रेंचनं मापात आवळला, सुटू नये म्हणून तार बांधली, इंजिन चालवून बघितलं. तेलाचा थेंब नाही. सही केली आणि आत बसलो.

बहिणीच्या गावावर पोचलो तेव्हा ओढ उतरली होती आणि बोटी आमच्या आधी लागल्या होत्या. ब्राव्होनं त्या दिवशी वरच्या गावांतली माणसं काढली, म्हातारी, बाळंतिणी, तान्ही पोरं. सगळी सुखरूप. बहीण मला छावणीत भेटली. पोरं धड होती. आत्ती नव्हती. भिजून दम लागला, पहाटे बोट लागण्याआधी गेली.

दाजी माझ्याशी बोलायचे बंद झाले. बहीण लपूनछपून फोन करायची. नातेवाइकांत माझं नाव 'बोल्टवाला' पडलं. लग्नकार्यात मी मांडवात शिरलो की दोन माणसं उठून जायची. जाऊ देत. मी माफी मागितली नाही. आत्तीसाठी रडलो, खूप रडलो, पण माफी नाही. माफी मागायची म्हणजे, पुन्हा वेळ आली तर बसवेन, असं कबूल करायचं. नाही बसवणार.

पेन्शनवर आल्यानंतर एक दिवस दाजी शिवाजी पेठेत माझ्या दारात. केस पिकलेले. आत आले, खिशातून तोच बोल्ट काढून टेबलावर ठेवला. तेलानं काळा झालेला.

"वर्कशॉपच्या जनरेटरला बसवलावता," ते म्हणाले. "नळी मुद्दाम त्याच्या मापाची केली. इतकी वर्षं चालला. थेंब न्हाय गळला. आज काढून आणला, तुला दावायला."

मी बोल्ट खिडकीशी नेऊन बघितला. चीर नव्हती.

"चांगला हाय दाजी. नाद खुळा काम हाय."

"मग?"

"तरीबी बसवला नसता."

बायको चहा घेऊन दारात थबकली. तिला वाटलं, आता दाजी उठून जातात. दाजी उठले नाहीत. त्यांनी कप घेतला.

"ठाव हाय मला," ते म्हणाले. "गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकानं क्रेनच्या हुकाची पिन मागितली. नमुना घिऊन आलता. मी म्हटलं, कंपनीची आण. उद्यमनगरात पहिल्यांदा कोण न्हाय म्हटलं असंल तर मीच." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "परवा आईचं श्राद्ध हाय. ये."

मी गेलो. पंगतीत दाजींनी मला शेजारी बसवलं. पानावरून कुणी उठलं नाही.

दर पंधरा ऑगस्टला आमच्या तालमीत मला झेंड्याला बोलावतात. भाषण मला जमत नाही. मी सावधान उभा राहतो आणि नावं घेतो. फ्लाइट लेफ्टनंट सूद. फ्लाइंग ऑफिसर थॉमस. कॉर्पोरल बसवराज. मग चौथं नाव घेतो, गंगूबाई. दरवर्षी कुणीतरी नवीन माणूस विचारतो, ही बाई कुठल्या लढाईत होती. मी सांगतो, माझी आत्ती. माझ्या ड्युटीवर गेली.