काचेतली शेवंड आणि आपटे साहेबांचा प्रश्न

आपटे साहेबांची आणि माझी ओळख बंदरावर झाली. मी फायनल नापास, होडीवरून बर्फाच्या पाट्या उतरवीत होतो. साहेब जवळ आले आणि नाव विचारून म्हणाले, "अहो गणपतराव, मत्स्यालयासाठी रोज समुद्राचे पाणी आणाल का?" मला अहोजाहो करणारे ते पहिलेच. पुढे अठरा वर्षे त्यांच्या छोट्या मत्स्यालयात मी पाणी भरले.

पाणी भरतीचेच भरायचे, हा तिथला नियम. एका श्रावणात घाईने मी ओहोटीला भरले. पावसात खाडीचे गोडे पाणी ओहोटीबरोबर किनाऱ्यावर उतरते, हे मला ठाऊक होते, तरी भरले. सकाळी एका टाकीतले सगळे मासे उलटे. साहेबांनी पाण्यात बोट बुडवून चाखले.

"ओहोटीला भरलंत?"

"हो साहेब. काढून टाकणार मला?"

"मग पाणी कोण भरणार? मी?"

वरिष्ठांना धाडलेल्या अहवालात मात्र साहेबांनी चूक स्वतःच्या नावावर लिहिली. हे मी आजवर कोणास सांगितले नव्हते.

साहेबांनी एकदा पोटाशी अंडी असलेली शेवंड, म्हणजे लांब मिशांची, कोळंबीहून कितीतरी मोठी कवचवाली, टाकीत ठेवली. मासे विकणारी जनाबाई खारवीण ती पाहून हसली. "अगो बाय! आमच्या टोपलीत मरते ती इथं बसून मिजास करत्ये!" साहेबांनी तिला खाली वाकून बघायला सांगितले. शेवंड शेपटीखालचे बारीक पाय हलवून अंड्यांना वारा घालीत होती. जनाबाई तशीच वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "आणि आम्ही ती सुरीन खरवडून टाकतो, सायब."

त्यानंतर तिचा नवरा महादू अंडीवाली शेवंड जाळ्यात आली की पाण्यात सोडू लागला. बंदरावर त्याची चेष्टा होई: "काय रे महाद्या, बाळंतणीक माहेरी पोचवलंस?" तो शिव्या देई, पण सोडी.

आता मत्स्यालय बंद आहे. साहेबांच्या पत्नी गेल्या, माझी मंडळीही गेली. मुलगा मुंबईस. साहेबांच्या पडवीत आम्ही दोघे चहा घेतो, बोलणे थोडेच होते. गेल्या महिन्यात ते एकाएकी म्हणाले, "गणपतराव, काचेमागे किती जीव मेले आपल्या हातून. समुद्राला काय मिळालं?" कप विसळून मी घरी आलो. साहेबांनी आपले आयुष्य फुकट गेले असे धरून बसू नये, या काळजीने तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. म्हणून साहेबांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या अमृतमहोत्सवी अंकात, तुम्हां सर्वांसमक्ष, उत्तर लिहितो.

साहेब, मासे मेले, हे खरे. काही माझ्यामुळे मेले. यांत्रिक नौका वाढल्या, मासळी कमी झाली, तेही आपल्या टाक्यांनी थांबले नाही. पण शेवंड उचलताना महादूचा हात थांबलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. नुसत्या सांगण्याने तो थांबला नसता. त्याच्या बायकोने ती जिवंत पाहिली, म्हणून थांबला.

याहून जास्त मला कळत नाही. चुकले असेल तर आपणच सुधारावे, दुसरे कोणी मला सांगणारे उरलेले नाही. त्यासाठी परमेश्वराने आपल्याला निरोगी शंभरी द्यावी. आणि उद्या मी पडवीत आलो, की या उत्तरावर काहीतरी बोलावे, रागावून का होईना.