भज्याखालचा अर्ज

केजजवळच्या दूध शीतकरण केंद्रात तपासनीसाची जागा निघाली, तेव्हा बी.एस्सी. झालेल्या सुकन्यानं तीन महिन्यांत तीनदा अर्ज दिला. दर वेळी तो घेतला आप्पारावानं. आप्पाराव तिथला जुना कारकून.

"साहेबाला थेट भेटायचं न्हाई," तो म्हणायचा. "वळखीच्या मानसाची चिठ्ठी आन. कुनाची हायेस तू?"

सुकन्याचे वडील सटवा शेळ्या राखायचे. त्यांना चिठ्ठी कोण देणार?

चौथ्यांदा ती चौकशीला गेली, तर आप्पाराव टेबलावर भजी खात बसलेला. भज्यांखाली तिचाच अर्ज. फोटोतल्या तिच्या कपाळावर तेल पसरलेलं, कडेला चुन्याचं बोट पुसलेलं. भजी टेबलावर उलटी करून तिनं कागद ओढून घेतला आणि बाहेर आली.

फाटकावरच्या पाटीवर व्यवस्थापकांचा नंबर होता, वर लिहिलेलं 'तक्रारीसाठी'. तिनं तो मोबाईलमध्ये घातला, पण दोन दिवस लावला नाही. नोकरी मागायला तक्रारीच्या नंबरावर फोन करायचा? साहेब उद्धट समजले तर?

आई दगडाबाई म्हणाली, "एवढ्या मोठ्या मानसाला आपून व्हऊन कावून फोन करायचा? चिडला म्हंजी?"

"चिडू दे. आता तरी कुटं नोकरी हाय?" सुकन्या म्हणाली आणि तिनं नंबर लावला.

व्यवस्थापक शहादेव जाधव चिडले नाहीत. उलट चकित झाले. "अर्ज? आप्पाराव तर म्हणतो, शिकलेली पोरं इकडं फिरकतच नाहीत. उद्या दहाला या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्यापुढं दुधाचे दोन नमुने ठेवले. दुसऱ्या नमुन्याचं लॅक्टोमीटरवरचं माप बरोबर आलं, तरी तिला दूध पातळ वाटलं. तिनं साखरेची तपासणी केली. पाणी घालून, माप भरावं म्हणून वर साखर मिसळली होती. साहेब खूश झाले. "सोमवारपासून या. अर्ज तेवढा द्या."

तिनं तो तेलकट कागदच पुढं केला. कुणी काय केलं, तेही सांगितलं.

साहेबांनी कागद चिमटीत धरला, ड्रॉवरमध्ये टाकला. "जाऊ द्या. जुना माणूस आहे. चांगली प्रत आणा."

बस, एवढंच. आप्पारावाला कुणी हाक मारूनसुद्धा विचारलं नाही. नोकरी लागल्याचा आनंद तिला घरी जाईपर्यंत झालाच नाही. त्या चिमटीचीच किळस येत राहिली.

महिनाभरानं दूधवाल्यांच्या रांगेसमोर आप्पाराव तोंडातला तोबरा सांभाळत म्हणाला, "आपलीच पोरगी हाय. मीच लावली हितं."

सुकन्यानं हातातली नळी खाली ठेवली. "तुमी माज्या अर्जावर भजी खाल्ली, काका. मी साहेबाला फोन केला, म्हनून लागले."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. आप्पाराव दाराबाहेर जाऊन थुंकला. "लई तोंड हाय हिला," तो बडबडला.

तिनं हात साबणानं धुतले आणि पुढच्या कॅनचं झाकण उघडायला सांगितलं.