‘सर्व ठीक’ असं कळवत होते तेव्हा

मलावीतल्या एका खेड्यात, मिशनच्या छोट्या दवाखान्यात मी अकरा वर्षं नर्स होते. मला तिकडं पाठवलं आमच्या सोलापूरच्या चर्चच्या मंडळीनं. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, महिला मंडळानं शेंगाचटणीचे डबे बांधून दिले, आणि आई सोडून सगळ्या बायका रडल्या. आई म्हणाली, जायचंय तर हसत जा.

पहिली दोन वर्षं खरंच हसत गेली. तिथलं चर्च विटांचं, वर पत्रा, बाहेर आंब्याची दोन झाडं. आमच्याकडं पेटी-तबल्यावर गाणं. तिकडं एक ढोल आणि बायकांचे मोकळे गळे. भाषा येत नव्हती तेव्हाही मी त्यांच्यात आवाज मिसळायची. उपासना तीन-तीन तास चालायची आणि संपली की वाटायचं, आत्ताच तर बसलो होतो.

तिसऱ्या वर्षी एक बाळंतीण माझ्या हातात गेली. ती चर्चमध्ये माझ्या पुढच्याच बाकावर बसायची. माझा उच्चार चुकला की मागं वळून हसायची आणि हळूच बरोबर शब्द सांगायची. बाळंतपणानंतर तिचा रक्तस्राव थांबेना. पावसानं रस्ता खचलेला, त्यामुळं मोठ्या दवाखान्याची गाडी पोचायला चार तास लागले. तोवर ती गेली होती. मुलगी वाचली. त्या चार तासांत मी केली तेवढी प्रार्थना आयुष्यात कधी केली नव्हती. त्यानंतर मात्र माझी प्रार्थना बंद पडली.

हे कुणाला कळलं नाही. दवाखान्यात सकाळची प्रार्थना मीच घ्यायची. लोकांसाठी तोंडानं सगळं म्हणायची. पण खोलीत एकटी असले की बायबल उघडायची आणि तसंच मिटायची. सोलापुरात पाळकसाहेबांना दर महिन्याला फोनवर एक ओळ पाठवायची, ‘सर्व ठीक, प्रार्थनेत आठवण ठेवा.’ दीड वर्ष असं गेलं.

चौथ्या वर्षाच्या शेवटी रजेवर आले, ते परत जायचं नाही असं ठरवूनच. भावानं चिंचोळीच्या एका कारखान्यातल्या दवाखान्यात नोकरीची चौकशीही करून ठेवली होती. पाळकसाहेबांनी मात्र येत्या रविवारी उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे तिकडचे अनुभव सांगायला सांगितलं. मी फोटो निवडले, चार चांगले प्रसंग लिहून काढले.

रविवारी उभी राहिले, फोटो दाखवायला लागले. चर्च, आंब्याची झाडं, लसीकरणाची रांग. मग तो बाळंतिणींच्या खोलीचा फोटो आला. तो मी निवडला होता की चुकून राहिला होता, आजही सांगता येणार नाही. मी थांबले. कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, “दीड वर्ष झालं, मी स्वतःची अशी एकही प्रार्थना केलेली नाही. तुम्हाला सगळं ठीक म्हणून कळवलं, ते खोटं होतं.”

 मी जागेवर येऊन बसले. पाळकसाहेबांनी सरळ पुढचं गीत सांगितलं, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. चहाच्या वेळी काही जणींनी हात दाबला, काहींनी नजर चुकवली. मंडळीतले एक वडीलधारे, निवृत्त मुख्याध्यापक, बाजूला घेऊन समजुतीनं म्हणाले की अशा गोष्टी कमिटीत सांगायच्या असतात, व्यासपीठावरून नाही.

दोन दिवसांनी सोलापूरजवळच्या कुंभारीहून ‘येऊन जा’ असा निरोप आला. तिथं विडी कामगारांच्या वसाहतीत आमच्या महिला मंडळातल्या एक म्हाताऱ्या बाई राहायच्या. घरची बोली तेलुगू. सगळे त्यांना अम्मा म्हणत. मी गेले तेव्हा त्या उंबऱ्याशी बसून मांडीवरच्या सुपात विड्या वळत होत्या. मला वाटलं, समजूत घालतील. त्यांनी विचारलं ते भलतंच.

“ती टाकी दुरुस्त झाली का गं?”

मला काही आठवेना. मग लक्षात आलं. पहिल्या वर्षी मी मंडळीला लांबलचक पत्र लिहिलं होतं. दवाखान्याची पाण्याची टाकी गळते, बायकांना लांबून पाणी आणावं लागतं, असं त्यात होतं. टाकी तर तीन महिन्यांतच दुरुस्त झाली होती. मी तसं सांगितलं.

“मग कळवायचं न्हाय व्हय?” अम्मा म्हणाल्या. “मी अजून त्या टाकीपाशीच अडकलेय की. रोज पहाटे प्रार्थनेत तीच टाकी. त्यापुढचं तू काय सांगितलंसच न्हाय.”

मला हसू फुटलं. कित्येक महिन्यांनी मी इतकी हसले, आणि हसता हसताच रडायला लागले. अम्मांनी सूप बाजूला ठेवलं. आता त्या गेलेल्या बाईचं सांग, म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. तिचं नाव काय, मुलीला कोण सांभाळतं, आजी सांभाळते तर तिच्या घरी दुधाला शेळी तरी आहे का, सगळं त्यांनी विचारून घेतलं. मग तंबाखूच्या वासाचे ते दोन्ही हात माझ्या हातांवर ठेवून त्यांनी तेलुगूत प्रार्थना केली. मला त्यातलं फारसं कळलं नाही. पण मधेच त्या बाईचं नाव आलं, वाकडंतिकडं उच्चारलेलं, आणि नंतर तिच्या मुलीचं. शेवटी मी आमेन म्हटलं. तेवढा एक शब्द दीड वर्षांत पहिल्यांदा माझा स्वतःचा होता.

लगेच सगळं बदललं असं नाही. पण चिंचोळीची नोकरी मी घेतली नाही. महिनाभर कुंभारीला जात राहिले, आणि रजा संपल्यावर मलावीला परतले. मग दर महिन्याला खरं पत्र लिहायला लागले. कोणतं यंत्र बिघडलं, कुणाशी माझं भांडण झालं, कोणत्या आठवड्यात प्रार्थना जमली नाही, सगळं. अम्मांची सून ते त्यांना वाचून दाखवायची. मग अम्मांचा आवाज फोनवर यायचा, “हे झालं. आता म्होरचं सांग.”

असं पाच वर्षं चाललं. मग एका सकाळी त्यांच्या सुनेचा निरोप आला, अम्मा झोपेतच गेल्या. मी दवाखान्यात कसंबसं काम उरकलं आणि चर्चमधल्या बायकांना एवढंच सांगितलं की माझ्या गावची एक आई वारली. दुपारी त्या माझ्या दाराशी आल्या. तिथं मयताच्या घरी मक्याचं पीठ घेऊन जायची रीत आहे. प्रत्येकीच्या डोक्यावर पिठाची टोपली होती. माझ्या अंगणात चटया टाकून त्या सूर्य कलेपर्यंत बसल्या, मधूनमधून गायल्या. अम्मांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, सोलापूर कुठं आहे हेही ठाऊक नव्हतं.

पीठ एवढं जमलं की मला एकटीला संपवणं शक्य नव्हतं. दवाखान्यातल्या आजाऱ्यांना मी आठवडाभर त्याची पेज करून वाढली, आणि रोज त्यातली वाटीभर स्वतः प्यायले.